सारपिनबाबाचं काळं अंडं

"निघालं, काळं निघालं!" जावा बेटावरच्या ब्रेबेस गावी वैदूच्या अंगणात बायकांची झुंबड उडाली होती. सारपिनबाबा ओटीपोटावरून अंडं फिरवी, फोडी. गर्भाच्या पिशवीतला रोग म्हणे अंड्यात उतरे.

कुस्नितीचं अंडं मागच्या आठवड्यात काळंकुट्ट निघालं होतं. "मत्सरानं बाईची पिशवी सडते!" बाबानं चारचौघींत तिची लाज काढली. धाकटी जाऊ तारविया हिचं मात्र स्वच्छ. तेव्हापासून सासू तारवियाच्याच हातचा भात खाई. कुस्निती जळत होती, खोटं कशाला बोला? एकदा हिचंही काळं निघू दे, असं तिला वाटे.

नवऱ्याजवळ गेलं की तारवियाला रक्त जाई. पण सरकारी नर्सनं तपासायला बोलावलं तर ही ठसक्यात म्हणाली, "माझं अंडं स्वच्छ आहे, मी कशाला येऊ?"

आज कुस्निती बाबाकडे दुसऱ्यांदा आली होती. अंडं तिनं घरून आणलेलं. बाबाच्या बायकोनं ते पडद्याआड फुलांच्या पाण्यात धुऊन परत दिलं. या गावाचा धंदाच खारवलेल्या बदकाच्या अंड्यांचा. मिठात घालण्याआधी प्रत्येक अंडं दिव्यासमोर धरून बघायचं. बाबाचं अंडं मात्र पवित्र, ते कोण बघतंय! कुस्नितीनं सवयीनं ते दिव्यासमोर धरलं. आत काळा डाग, टोकाला मेणाचा ठिपका.

"बाबा, अंडं अजून पोटाला लागलंही नाही. रोग आधीच आत शिरला?"

"पापी बाईला भलतंच दिसतं!"

"मलाच दिसतंय होय? अगं बायांनो, जन्म गेला तुमचा अंडी बघण्यात. या, बघा की!"

बघितलं. मग पडदा ओढला, तर मागे शाईची वाटी आणि इंजेक्शनची सुई.

कुस्नितीला आनंदाचं भरतं आलं. पण तारवियाचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, मग माझं स्वच्छ निघालं तेही खोटंच?"

कुस्नितीला स्वतःची शरम वाटली. तारवियाला हाताला धरून ती नर्सकडे गेली. नर्सनं दोघींच्या गर्भाशयाच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावलं; रोगट जागा त्यानं पांढरी पडते. कुस्नितीचं ठीक होतं. तारवियाच्या तिथे पांढरा चट्टा उमटला. मोठ्या दवाखान्यात तुकडा तपासला: कॅन्सर झाला नव्हता, होण्याच्या वाटेवर होता. तेवढा भाग काढून टाकला.

"शरीरसंबंधातून येणारा विषाणू याच्या मुळाशी असतो," नर्स म्हणाली. "वर्षानुवर्षं गुपचूप वाढतं हे."

"आणि मत्सरानं?" कुस्नितीनं विचारलं.

"मत्सरानं झोप उडते, बाई. कॅन्सर होत नाही."

घरी सासू तारवियाला स्वतःच्या हातानं सूप भरवायला लागली. कुस्निती पुन्हा जळली. "जळतेय मी, कबूल. पण आई, उद्या तुम्हीही तपासायला चला."

"मला काय धाड भरलीय?"

"धाड भरायच्या आधीच तर बघायचं असतं!"