याह्याचे तीन डाव

प्रेरणा लोणावळ्यातल्या एका शाळेत ग्रंथपाल होती. कुणी पुस्तक मागायला आलं की ती लगेच नाव सांगायची नाही. वाचताना कुठं अडलात, एवढंच आधी विचारायची. त्यामुळे जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी याह्या मुलाणी ग्रंथालयात आला आणि पोकर सुधारायला कुठली पुस्तकं घेऊ असं त्यानं विचारलं, तेव्हा तिनं त्यालाही खुर्ची दिली आणि फसलेले डाव सांगायला लावले.

याह्या तिच्या नवऱ्याचा, आदिनाथचा, लहानपणापासूनचा मित्र. कामशेतला त्याचं टायरचं दुकान होतं. दोघं आधी तिथंच ओळखीच्या पाच-सहा जणांत खेळायचे. मग आदिनाथ तुंगार्लीच्या एका बंगल्यावर जाऊ लागला. तिथं पुण्या-मुंबईची माणसं यायची, बोली मोठ्या लागायच्या. सहा महिन्यांनी त्यानं याह्यालाही सोबत नेलं.

"लहान टेबलवर मी कधी फार हरलो नाही, वहिनी," याह्या म्हणाला. "तिथं मात्र टिकाव लागत नाही. आदिनाथ सगळ्यांना सांगतो, बायकोनं पुस्तकं निवडून दिली म्हणून मी जिंकतो. म्हटलं आपणही नीट शिकावं."

प्रेरणाला ते ऐकून बरं वाटलं, आणि ते खरंही होतं. आदिनाथ आंदर मावळातला, जमिनींचे व्यवहार करणारा. इंग्रजी त्याला पाट्या वाचण्यापुरतं यायचं. दोन वर्षांपूर्वी मोठ्या टेबलवर बसायची इच्छा त्यानं बोलून दाखवली, तेव्हा तिनं महिनाभर शोध घेतला होता. झटपट श्रीमंत करणारी सगळी पुस्तकं तिनं बाजूला काढली. फार जुनीही नकोत असं ठरवलं, कारण ती लिहिली गेली तेव्हा समोरचे खेळाडू कच्चे असायचे. शेवटी तीन मागवली. एक गणिताचं, एक समोरच्याच्या पत्त्यांचा अंदाज कसा बांधावा याचं, आणि एक हरल्यावर डोकं ताळ्यावर कसं ठेवावं याचं. ती वाचून तिनं मराठीत टिपणं काढली, दोनशे पानी चार वह्या. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिंचोके मांडून ती त्याला एकेक प्रकरण समजावून द्यायची. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण दोघांनी मिळून केलेलं असं दुसरं काम तिला आठवत नव्हतं.

याह्यानं पहिला डाव सांगितला. हातात चांगली जोडी आली आणि त्यानं इतकी मोठी बोली लावली की बाकी सगळ्यांनी पत्ते टाकून डाव सोडला आणि त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही. ही घाईची चूक होती. प्रेरणानं कागदावर एका पुस्तकाचं नाव लिहिलं.

दुसऱ्या डावात त्याच्याकडे काहीच नव्हतं, नुसता गुलाम आणि दश्शी. पण मधे उघडलेले, सगळ्यांचे सामाईक पत्ते असे होते की त्याच्याकडे मोठा हात असेल असं कुणालाही वाटावं. म्हणून त्यानं जवळचं सगळं पुढं सारलं. बाकीच्यांनी पत्ते टाकले. आदिनाथनं मात्र थोडा विचार केला आणि तेवढीच बोली लावली. त्याच्याकडे साधी जोडीही नव्हती. एक राणी होती, ती गुलामापेक्षा मोठी, म्हणून तो जिंकला.

प्रेरणाचं पेन थांबलं. नुसत्या राणीवर एवढं पणाला कुणी लावत नाही. पण तीस वर्षांची मैत्री आहे, त्यानं याह्याचा चेहरा ओळखला असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. क्षणभर तिला नवऱ्याचा अभिमानही वाटला.

तिसरा डाव याह्या हसत हसत सांगू लागला. मधे एक राजा आणि दोन नव्व्या उघड्या पडल्या होत्या. आदिनाथच्या हातात दोन राजे होते, म्हणजे तीन राजे आणि दोन नव्व्या असा भक्कम हात. त्याला हरवू शकेल असा एकच हात शिल्लक होता, उरलेल्या दोन नव्व्या. त्या याह्याकडे होत्या. आदिनाथ बिचकू नये म्हणून याह्यानं बोली थोडीच लावली. आदिनाथनं हसून आपले दोन्ही राजे उघडे केले, सगळ्यांना दाखवले आणि खाली टाकले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मी पण वाजवल्या," याह्या म्हणाला.

असा हात टाकायचा नसतो. टाकणारा शेवटी बुडतो, कारण समोर नेमके तेच दोन पत्ते असणं फार क्वचित घडतं. प्रेरणानं हे दुसऱ्या वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. तिनं विचारलं, पत्ते कुणाचे असतात. याह्यानं सांगितलं की दर वेळी नवा कोरा कॅट आदिनाथच आणतो आणि बंगल्याचा मॅनेजर स्वराज वाटतो.

यादी सोमवारी देते, असं सांगून तिनं त्याला निरोप दिला.

रविवारी सकाळी आदिनाथ अंघोळीला गेल्यावर तिनं त्याच्या बॅगेतून एक कॅट काढला आणि खिडकीशी उजेडात बसली. सगळ्या पत्त्यांच्या पाठीवर निळी वेलबुट्टी होती. राजांच्या पाठी एकीकडे आणि नव्व्यांच्या दुसरीकडे मांडल्यावर तिला फरक दिसला. राजांच्या पाठीवर कोपऱ्यातल्या फुलाची वरची पाकळी नव्हती. नव्व्यांच्या पाठीवर खालची नव्हती.

आदिनाथ चहाला आला तेव्हा पत्ते टेबलावर तसेच होते. त्यानं ते पाहिले आणि खुर्ची ओढून बसला. नाकारलं काहीच नाही. एरवी तो शहरातल्यासारखं बोलायचा, पण अडचणीत सापडला की त्याची गावाकडची बोली बाहेर यायची.

"स्वराजला ठावं हाय. बाकी कुनाला न्हाई," तो म्हणाला.

याह्याला का लुबाडलंस, असं तिनं विचारलं. त्यावर, त्याचं दुकान चालतंय की, एवढंच उत्तर मिळालं. मग तिनं जे विचारलं ते विचारायचं तिच्या मनात नव्हतं.

"माझ्या वह्या वाचल्यास का?"

"पयली वाचली. निम्मी. चांगली हाय."

"मग दोन वर्षं मला कशाला बसवलंस?"

"लोकान्ला पटाय पायजे ना, मानूस कशावर जिंकतो ते."

हे तो न चिडता बोलला, गिऱ्हाइकाला सात-बारा समजावून सांगावा तसा. बंगल्यावर जाताना तो तिन्ही पुस्तकं बॅगेत घालून न्यायचा. मधल्या वेळेत उघडून पाहत असेल, असं तिला वाटायचं. ती तिथं टेबलावर सगळ्यांना दिसतील अशी ठेवली जायची, हे त्यानं आता आपण होऊन सांगितलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती लोकलनं कामशेतला गेली. याह्या दुकानात ट्यूबचं पंक्चर काढत होता. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पुस्तकं घेऊ नका, तुमचा खेळ वाईट नव्हता, पत्त्यांवर खुणा होत्या. वेलबुट्टी, पाकळ्या, स्वराज, काहीही लपवलं नाही. याह्यानं हातातली ट्यूब पाण्यात तशीच सोडून दिली आणि बराच वेळ तो फडक्याला हात पुसत राहिला.

"पुस्तकं तुम्ही निवडली," तो शेवटी म्हणाला. "वह्या तुम्ही लिहिल्या. एका घरात राहता. आणि तुम्हाला आत्ता कळलं?"

"शनिवारी कळलं, याह्याभाऊ. तुम्ही डाव सांगितलेत तेव्हा."

"आणि मी आलोच नसतो तर?"

 याह्याची बायको शहिस्ता मागच्या घरातून चहा घेऊन आली, तेव्हा वहिनी निघाल्या आहेत, असं त्यानं तिला सांगितलं. प्रेरणा चहा न घेताच निघाली.

आठवड्याभरात याह्यानं बाकीच्या खेळणाऱ्यांना गाठून सगळं सांगितलं आणि बंगल्यावरचा खेळ बंद पडला. स्वराजची नोकरी गेली. लोक पैसे परत मागायला घरी येऊ लागले तेव्हा आदिनाथ आंदर मावळात आईकडे जाऊन राहिला. त्यांच्याशी बोलायला दारात प्रेरणाच उभी राहायची. त्यातल्या एकानं तिला तोंडावर सांगितलं की डोकं तुमचंच असणार, आदिनाथला एवढं कुठलं सुचायला. महिन्याभरानं ती सुदुंबऱ्याला वडिलांकडे राहायला आली. तळेगावपर्यंत बस आणि पुढं लोकल असा रोजचा प्रवास सुरू झाला. आदिनाथनं दोनदा फोन केला. परत ये, आता तसं काही करत नाही, असं तो म्हणाला. झालं ते चुकलं, असं मात्र दोन्ही वेळा म्हणाला नाही.

मार्चमध्ये ती बसमध्ये असताना शहिस्ताचा फोन आला. शहिस्ता हळू आवाजात बोलत होती.

"ते म्हणतात, वहिनींना पहिल्यापासून ठाऊक होतं. मला तसं वाटत नाही. पण घरात मी हे बोलू शकत नाही. तुम्हाला तेवढं सांगायला फोन केला."

याह्याभाऊ कसे आहेत, असं प्रेरणानं विचारलं. शहिस्तानं सांगितलं की ते आता पत्त्यांना हात लावत नाहीत आणि दुकानाबाहेर कुणाकडे फारसे जातही नाहीत. या नंबरवर परत फोन करू नका, असंही तिनं जाता जाता सांगितलं.

प्रेरणा बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं याह्याचा नंबर काढला. तळेगाव येईपर्यंत तो स्क्रीनवर तसाच होता. मग तो न लावताच फोन पर्समध्ये टाकून ती गर्दीबरोबर खाली उतरली आणि स्टेशनकडे चालू लागली.