शुक्रवारी वारा पडेल

"गोट्या, फळी दे."

कोंडिबा पंपरूमच्या दारात उभा होता. मी मोटरवर वाकून फार नाजूक काम चालल्यासारखा पाना फिरवत राहिलो.

"कसली फळी?"

"माझ्या बुडाखालची."

दोरावर बसून भिंत रंगवायची त्याची ती फळी मोटरच्या मागेच होती, गोणपाटाखाली. आमच्या टॉवरमध्ये कुणाचं काही हरवलं की आधी पंपरूममध्ये बघतात. वॉचमनची चप्पल, चेअरमनची छत्री, एकदा तर सोसायटीच्या मीटिंगचा माइक. मी तळवलीचा, इथला पंपवाला, आणि दिवसातून एकाला तरी गंडवल्याशिवाय मला जेवण जात नाही. पण त्या गुरुवारी फळी मी मजेसाठी लपवली नव्हती.

आमच्या सेक्रेटरी वैजयंतीबाई नवव्या मजल्यावर राहतात. त्यांनी सोमवारीच गेटवर सगळ्यांना मोबाइलमधून आठवड्याचं हवामान वाचून दाखवलं होतं. किनारपट्टीला गुरुवारपर्यंत जोराचा वारा, शुक्रवारपासून शांत. पाडव्याला अजून वेळ आहे, रंग शुक्रवारनंतर पुरा करा, असं त्यांनी कोंडिबाला बजावलंही होतं.

बोलल्या ते बरोबरच. पण शुक्रवारी वारा जाणार होता आणि मशीन येणार होती. रंगाचा कंत्राटदार मिथुनने उरलेल्या भिंतींसाठी मशीनवर चालणारा लोखंडी पाळणा ठरवला होता, त्यात उभी राहायला जवान पोरं. पन्नाशी उलटलेला माणूस यापुढे दोरावर नको, हे त्याने कोंडिबाला तोंडावर सांगितलं होतं. शिवी देऊन नाही, खांद्यावर हात ठेवून. ते जास्त लागतं.

कोंडिबा पाटणकडचा, राहायला दिघ्याला. मिसरूड फुटल्यापासून दोरावर. ऐरोली ते बेलापूर कुठलाही टॉवर दिसला की बोट दाखवणार, ह्यो माझा. आतून एकही बघितलेला नाही. खाडीकडची ही भिंत त्याची शेवटची. पूर्ण झाली होती, फक्त वैजयंतीबाईंच्या किचनच्या खिडकीभोवती गळतीसाठी केलेलं प्लास्टर कालपर्यंत ओलं होतं, म्हणून तेवढा तुकडा राहिला होता. तो त्याला मशीनच्या पोरांना द्यायचा नव्हता.

मी फळी काढून दिली. दुसरं करणार काय, लपवायची दुसरी जागाच माझ्याकडे नाही.

"ऊन चढायच्या आत उतरतो," तो म्हणाला. "च्या सांगून ठेव."

वारा उन्हासाठी थांबला नाही. आधी सिमेंटवरची ताडपत्री फडफडली. मग खाडीकडून असा लोट आला की पार्किंगमधल्या दोन स्कूटर आडव्या झाल्या. वर बघतो तर कोंडिबा भिंतीपासून सुटून झोके घेत होता. एक झोका गेला, परत आला आणि त्याची पाठ एसीच्या लोखंडी स्टँडवर आदळली. तो आवाज मला खाली ऐकू आला. रंगाचा डबा सुटून वैजयंतीबाईंच्याच गाडीच्या टपावर पडला.

लिफ्टमध्ये मी नवाचं बटन उगाच दाबत राहिलो, जशी काही दाबल्यानेच लिफ्ट पळते. बाईंनी दार उघडलं आणि आज मस्करी अजिबात चालणार नाही असं म्हणायला सुरुवात केली. माझं तोंड बघून दारातून बाजूला झाल्या. मी चपलांसकट किचनमध्ये घुसलो.

खिडकीला ग्रिल. आमच्याकडे एक वेळ माणूस दार उघडं टाकेल, पण ग्रिलशिवाय राहणार नाही. कोंडिबा बाहेरून गज धरून होता. फळी बुडाखालून निसटून दोराला लोंबत होती. कमरेचा पट्टा होता, पण पट्टा खाली पडू देत नाही एवढंच, आपटण्यापासून वाचवत नाही. खाली उतरायला दोराची गाठ दोन्ही हातांनी सैल करावी लागते, आणि हात सोडले की पुन्हा तो स्टँड. आत ओढून घ्यावा तर मधे गज.

मी गजांतून हात घालून त्याची मनगटं धरली. रंगाने बुळबुळीत झाली होती. पुढचा लोट आला, तशी ग्रिलची पट्टी भिंतीत करकरली.

"कोंडिबा," मी म्हटलं, "तू बाईंची गाडी रंगवलीस. तेवढं जादा काम बिलात लाव."

तो हसला नाही. माझ्या जोकवर तो पहिल्यांदाच हसला नाही.

"सोडू नगंस, गोट्या."

"येडा हाय का तू. मंग रोज गंडवू कोनाला?"

शेजारी वैजयंतीबाईंनी ओढणी काढली, गजांतून हात घालून त्याच्या पट्ट्यात ओवली, गजाला गाठ मारली. वर आणखी एक मारली. "मी शुक्रवार म्हटलं होतं," एवढंच हळू पुटपुटल्या, त्याला की स्वतःला, कळलं नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. माझी बोटं बधिर झाली, मग ती माझी आहेत हेच समजेना. वारा जरा दमला तेव्हा गच्चीवर दोर सांभाळणाऱ्या पोरांनी दुसरा दोर सोडला, कोंडिबाने पायाने फळी ओढून बुडाखाली घेतली आणि बाईंनी गाठी सोडल्यावर पोरांनी त्याला सावकाश खाली उतरवलं.

खाली आल्यावर त्याने चहा घेतला नाही. पाठ धरून वर बघत बसला.

"खिडकीखालचं हातभर ऱ्हायलं," तो म्हणाला.

शुक्रवारी, मोबाइलने सांगितलं तसंच, झाडाचं पान हलेना. मशीन आली. मी गालात मोठी सुपारी धरून पोरांसमोर गेलो. बोबडं बोलत सांगितलं, नवव्याच्या किचनखाली हात लावू नका, गांधीलमाश्या आहेत, सकाळीच चावल्या. गाल बघून पोरांनी खिडकीखालचा तो तुकडा सोडून पाळणा भराभर पुढे नेला. मिथुनने विचारलं, तर वैजयंतीबाई सरळ चेहऱ्याने म्हणाल्या की हो, फार आहेत. बाई इतकं छान खोटं बोलतात हे मला माहीत नव्हतं.

रविवारी कोंडिबाला घेऊन मी त्यांची बेल वाजवली. धुतलेला शर्ट घालून आला होता, हातात छोटा डबा आणि ब्रश. चप्पल त्याने लिफ्टपाशीच काढली. बाईंनी स्टूल दिलं. तो चढला आणि जरा वेळ नुसता खिडकीतून खाडी बघत राहिला. मग बाही वर केली, गजांतून हात बाहेर काढून खाली वळवला.

"आतनं दिसत न्हाय," तो म्हणाला. "खाली जा, फोनवर सांग."

मी पार्किंगमध्ये उभा राहिलो. स्वच्छ ऊन, वारा नाही. नवव्या मजल्याच्या ग्रिलमधून एक हात आला होता आणि भिंतीवर सावकाश खालीवर होत होता. बघता बघता तुकडा भरला. कुठे सुटलं नव्हतं.

"झालं का रं?" फोनवर त्याने विचारलं.

"नाय," मी म्हटलं. "डावीकडं हाय अजून जरा."

हात डावीकडे गेला.