मी विरतो, हे कोण सांगणार?

मी हळदीतला पिवळेपणा बोलतोय. शास्त्राच्या पुस्तकात मला कर्क्यूमिन म्हणतात. गोड बोलायचे दिवस गेले, म्हणून आज चिडून बोलतोय.

हळकुंड दळून, दारूसारख्या द्रवात बुडवून मला वेगळं काढलं आणि काळ्या बाटलीत कोंबलं. पुढचं आयुष्य एका प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये. तिथे तिघांनी मला हाताळलं: संशोधन करणाऱ्या ताई, त्यांचे वरिष्ठ सर आणि काचसामान धुणाऱ्या मावशी.

ताईंनी मला डीएनएच्या पाण्यात सोडलं. डीएनए म्हणजे पीळ दिलेली शिडी. तिच्या अंगावर बारीक खाच असते. तिथे मी जरा टेकलो, घाईतला पाहुणा दाराशी टेकतो तसा. चहासुद्धा न घेता उठलो. मी काही जोडलं नाही, काही दुरुस्त केलं नाही.

अर्ध्या तासात नळीतला पिवळा रंग उतरला. सर यंत्राचा आकडा बघून म्हणाले, "बघा, सगळा डीएनएत शिरला."

"सर, बिनडीएनएची नळी लावायची राहिलीय," ताई म्हणाल्या.

"परवा परिषद आहे. नंतर लावा."

शेजारी कोरी नळी ठेवायची, हा या धंद्यातला पहिला धडा. तो गाळला. खरं तर मी नुसत्या पाण्यातही अर्ध्या तासात मोडून विरतो. मला तोंड असतं तर तिथेच बोंब मारली असती.

परिषदेत सरांनी 'शिरला'चं 'दुरुस्त केला' करून टाकलं, वर्तमानपत्रात मथळा आला: 'हळद दुरुस्त करते डीएनए'. सरांनी कात्रण दारावर डकवलं. मावशींनी दुसरं आणून मोरीवर चिकटवलं. आपल्या हाताने धुतलेल्या नळ्यांचं नाव झालं, म्हणून.

तीन आठवड्यांनी मावशी नळ्या धुता धुता म्हणाल्या, "ताई, आमच्या धाकट्याने चौथा डोस नाही घेतला हो."

धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ. त्याला रक्ताचा कॅन्सर. केमोच्या सहा डोसांपैकी तीन झालेले.

"का?"

"म्हणतो, तुझ्याच लॅबमधलं आहे ना, मग सुया कशाला? हळदीच्या गोळ्या चालू केल्यात. मीच कात्रण नेऊन दाखवलं."

ताईंनी हातातली नळी बाजूला ठेवली. मग त्यांनी दोन नळ्या मांडल्या. एकीत डीएनए, एकीत नाही. मी दोन्हींत सारखाच विरलो.

ताई आकडे घेऊन सरांकडे गेल्या. "सर, हे छापून दुरुस्त करायला हवं. निदान मावशींच्या भावाला तरी तुम्ही सांगा."

"आपण काय डॉक्टर आहोत?"

"बातमी देताना होतो."

सरांनी दार लावून घेतलं. कात्रण बाहेरच्या बाजूला होतं, ते नीट दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी भावाला ओढून आणलं. टोपी कानांपर्यंत ओढलेली, स्वेटर अंगावर लोंबणारा.

"भाषण नको हं," तो म्हणाला.

ताईंनी भाषण केलं नाही. पाण्याच्या नळीत मला सोडलं, त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि शेजारी बसल्या. तो बघत राहिला. मी विरत राहिलो. एवढ्या लाजेने मी कधी विरलो नव्हतो.

"गेला की हा," तो शेवटी म्हणाला.

"हो. याच्यात डीएनए नव्हताच. तरी गेला."

रिकाम्यासारखी दिसणारी नळी त्याने उजेडात धरून पाहिली. मग बहिणीकडे वळला. "चौथ्याची तारीख?"

"होऊन पंधरा दिवस झाले रे. चल, आत्ताच जाऊन विचारू."

जाताना मावशींनी मोरीवरचं कात्रण ओल्या हाताने ओरबाडून काढलं.

ते पंधरा दिवस त्याला परत कोण देणार? मी नाही, तेवढी माझी ताकद नाही. माझी ताकद किती, ते खरंच शोधा, माझी ना नाही. पण शोधून होईपर्यंत माझ्या नावाने कुणाची सुई बंद करू नका.

आणि सरांच्या दारावरून जाणाऱ्यांनो, ते कात्रण अजून तिथेच आहे. तुमचे हात तर कोरडे आहेत, मग ओरबाडा की!