काउंटरला रंधा

अकराला मॅडम येणार होत्या आणि दहापासून मालकीण एकच ग्लास पुसत बसली होती. मॅडम जुन्या वास्तूंच्या खात्यातल्या. गल्लीतला हा गुत्ता शंभर वर्षांचा आहे असं त्यांनी लिहून दिलं, तर तो राहणार. नाहीतर दोन महिन्यांत पाडून तिथं गाड्या लावायला जागा करणार. मालकिणीच्या पणजोबांनी तो काढला, हे सगळी गल्ली सांगे. पण गल्लीचं सांगणं कागदाला चालत नाही. ‘साल कोरलेलं काही असल्यास दाखवावे,’ असं खात्याचं पत्र होतं.

होतं की! म्हणजे, गेल्या सोमवारपर्यंत होतं.

गुत्त्याची एक रीत होती. नवा माणूस रोजचा झाला की मालक त्याच्या हातात बाटली उघडायची चावी द्यायचा. तिच्या टोकानं त्यानं काउंटरच्या लाकडावर आपल्या धंद्याची खूण आणि साल कोरायचं. लोहाराचा हातोडा, पोस्टमनची पिशवी, गवंड्याची थापी. मालकिणीचे वडील त्याला ‘आपली हजेरी’ म्हणत. अकरा वर्षांपूर्वी ते गेले, रीत थांबली आणि खुणांमध्ये नुसतं काळं कीट साचत गेलं. मॅडम येणार हे कळल्यावर मालकिणीनं घरात पाहुणे यायचे असले की करतात तेच केलं. भिंतींना रंग दिला, पंखे पुसले आणि सुताराला बोलावलं. “हे खरवडलेलं सगळं काढू?” त्यानं विचारलं. “काढ बाबा, एकदाचं चकचकीत कर,” ती म्हणाली. मोठी शहाणी! पत्र आलं बुधवारी.

खोटं साल कोरून टाकावं, हेही तिच्या मनात येऊन गेलं. काल सकाळी तिनं चावी हातात घेतलीसुद्धा, पण ती परत खिळ्याला अडकवली. चार पिढ्यांत जे कुणाला जमलं नाही ते आपण एका सोमवारात करून दाखवलं, असं तिला सारखं वाटत होतं.

पावणेअकराला शिंपीकाका आले. जुन्या गिऱ्हाइकांपैकी एवढेच उरलेले. दहा दिवस लेकीकडे होते, आज मुद्दाम लवकर आले होते. ते आपल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. शेजारचं स्टूल न्हाव्याचं. तो जाऊन दोन वर्षं झाली, तरी काका त्यावर साधी पिशवी ठेवत नसत. त्यांनी सवयीनं हात काउंटरवर टेकला आणि चटका बसल्यासारखा उचलला.

“हे काय केलंस गं?”

“रंधा मारला, काका.”

काका बोटानं एकाच जागी चाचपडत राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

मॅडम ठरल्या वेळी आल्या. “छान आहे हो काउंटर,” त्या म्हणाल्या. “नवीन केलंत?”

मालकिणीनं हातातला ग्लास खाली ठेवला. ‘हो’ म्हणावं की ‘नाही’, तेच कळेना. मग तिनं एका दमात सगळं खरं सांगून टाकलं. रीत, कीट, सुतार, पत्र. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. “बाई, तुमचं खोटं वाटत नाही मला. पण मी लिहू काय?”

“मॅडम,” काका मधेच म्हणाले, “वाकता येतं का तुम्हाला?”

“म्हणजे?”

“मी आणि न्हावी इथं आलो तेव्हा कोरायला बोटभर जागा नव्हती. हिचा बाप म्हणाला, थांबा. चौघांनी धरून हा फळा उलटा केला. हिचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.” मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “वरच्या बाजूनं तुझं काम झालंच नसतं पोरी. वर आम्हीच होतो, जुने सगळे खाली.”

मालकिणीनं खालच्या खणांतले ग्लास भराभर काढले. दोन फुटले, तिनं बघितलंही नाही. मॅडम टॉर्च घेऊन आडव्या झाल्या. खालून कोळ्याची जाळी आली, खोकला आला, आणि कितीतरी वेळ काहीच आलं नाही.

“गाडीचं चाक आहे,” आवाज आला. “आणि साल... अहो, एकशे चार वर्षं!”

मालकीण मटकन खाली बसली आणि तिथंच रडली. मॅडमनी फोटो घेतले, सही केली, कोपराची धूळ झटकत निघून गेल्या. गुत्ता राहिला.

तिनं डोळे पुसून वर पाहिलं, तर काका अजून त्याच जागी बोट फिरवत होते.

“काका, तुमची कात्री होती ना तिथं?” ती उठून उभी राहिली. “चुकले मी.” तिनं खिळ्यावरची चावी काढून त्यांच्यासमोर ठेवली. “पुन्हा कोरा. तुमचंच साल घाला.”

काकांनी चावी घेतली, चष्मा नीट केला आणि स्टूल सरकवून शेजारच्या रिकाम्या स्टुलापुढं वाकले. बराच वेळ कोरत होते. तिनं डोकावून पाहिलं. न्हाव्याचा वस्तरा होता.

“काका, आधी तुमची कात्री...”

“नाही,” ते म्हणाले. “तो माझ्या एक दिवस आधी आला होता.”