पाव भाजेपर्यंतचं अंतर

दोन गावांच्या मध्ये डोंगर आडवा पडलेला; रस्त्यानं जायचं तर अख्खा दिवस मोडायचा आणि हाडं खिळखिळी व्हायची ती वेगळीच. विमानानं मात्र पाव भाजेपर्यंतचं अंतर. हा हिशोब कॅन्टीनवालीचा. अलीकडच्या चिमुकल्या विमानतळावर तिचं कॅन्टीन होतं, आणि दहा-बारा माणसांचं ते विमान तिचा नवराच चालवायचा. पलीकडून विमान उडालं की तिथला टॉवरवाला, नवऱ्याचा जुना दोस्त, न चुकता फोन करायचा, "वहिनी, सोडला हो तुमचा माणूस." की ही पावाचा साचा भट्टीत सरकवायची. पाव फुगून लालसर झाला, की धावपट्टीवर चाकं टेकलीच म्हणून समजा. मग गरम पावाची कड नवऱ्याची. डोंगरावरच्या वाऱ्याची तिला फार धास्ती, त्यामुळे सकाळी निघताना ती त्याला रोज एकच सांगायची, "लवकर या हो."

त्या आठवड्यात एकदा पाव पांढुरकाच असताना स्वारी दारात हजर. "वारा पाठीशी होता," तो हसत म्हणाला. दुसऱ्या दिवशी पाव नुसता फुगू लागला होता, तर त्यानंतर साचा भट्टीत जातो न जातो तोच हा खुर्चीत. बॅगा उतरवणारे हमाल तिची चेष्टा करू लागले, बायकोच्या ओढीनं विमान पळतंय म्हणून. ती लटकंच रागावली, पण मनातून सुखावली होती. नवरा लवकर आलेला कुणाला नको असतो?

मग एके दिवशी तिनं त्याला पलीकडच्या बाजारातून लाल छत्री आणायला सांगितलं. दुपारी ती गुणगुणत मैदा मळत होती, फोन अजून वाजलाच नव्हता, आणि तो आत येऊन नेहमीच्या खुर्चीत बसला. बाहेर विमान उभं होतं. उतारू मात्र कुणीच दिसेनात.

"आज रिकामंच आलं," तो म्हणाला.

"आणि छत्री?"

"विसरलो गं."

"तुमच्या डोक्यात राहतं तरी काय, देव जाणे." तिनं त्याच्यापुढे चहा ठेवला, आणि फोन वाजला.

"वहिनी, सोडला हो तुमचा माणूस. आज विमान भरलेलं, म्हणून उशीर. आणि छत्री माझ्या टेबलावर विसरून निघाला होता वेंधळा, मीच धावत जाऊन दिली."

"थट्टा पुरे भाऊजी. हे इथं चहा पितायत."

टॉवरवाला मनमुराद हसला. "बरं बरं. पाव ठेवा तुम्ही."

तीही हसली. नवऱ्याकडे तिनं नीट पाहिलं. हनुवटीवर सकाळच्या दाढीचा ओरखडा, चहावर फुंकर मारायची तीच लकब. उगीच काहीतरी मनात आणतेय, असं स्वतःला बजावत तिनं साचा भट्टीत ठेवला. तो हमालांचे किस्से सांगत राहिला, तिला हसवत राहिला. कितीतरी दिवसांनी पाव पहिल्यासारखा टम्म फुगला, लालसर झाला, आणि डोंगराच्या बाजूनं घरघर ऐकू आली.

दुसरं विमान पहिल्याच्या शेजारी येऊन थांबलं. उतारू हसत-बोलत उतरले. सगळ्यांच्या मागून एकजण खाली आला, त्यानं कॅन्टीनकडे पाहून लाल छत्री उघडली आणि ती मिरवत चालू लागला.

भट्टीतून काढलेला साचा तिनं न बघताच मागच्या टेबलावर टेकवला. मागे खुर्चीतल्यानं पावाची कड मोडली.

"लवकर या, असं तूच म्हणायचीस ना?" तो मऊ आवाजात म्हणाला. "मी आलो की."