दुपारी उठणारी गाडी

रामाजींनी गाडीच्या नाकाखाली हँडल खुपसलं, दोन्ही पाय रोवले आणि एक हिसका दिला. मॉरिस मायनर पेटली. बोनेट थरथरलं. पण रामाजींनी आत बसून अ‍ॅक्सिलेटरवर पाय ठेवला आणि ती दोनदा खोकून बंद पडली.

ही पाचवी वेळ. ओसरीवर सत्यशीला विशाखाला कडेवर घेऊन उभी होती. तिचं अर्धं लक्ष गाडीकडे होतं, अर्धं मुलीच्या पाठीवर टेकवलेल्या तळहातात. तळहाताखाली बारीक शिट्टी वाजत होती. अजून बारीकच होती.

“थंडी हाय, बाई,” रामाजी सुनेला म्हणाले. “लोखंडालेई वाजते.”

पदराचं टोक तिने विशाखाच्या कानांवर आणखी ओढून घेतलं.

पंधरा दिवसांपूर्वी अशाच एका पहाटे मुलीचा दम वाढला होता. गडचिरोलीची पहिली एसटी साडेसातला. दीड तास सत्यशीला रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि अडीच वर्षांच्या मुलीचे ओठ निळसर होताना बघत राहिली. दवाखान्यात सगळं नीट झालं. डॉक्टर एवढंच म्हणाले, जरा लवकर आणायला हवं होतं. ते वाक्य तिच्याबरोबर घरी आलं आणि तेव्हापासून रोज पहाटे चारला तिला उठवत होतं.

गाडी घरचीच होती. रामाजी बावीस वर्षं एका डॉक्टरांचे ड्रायव्हर होते. डॉक्टर कायमचे नागपूरला गेले तेव्हा गाडी त्यांनाच देऊन गेले. बावन्न सालची, म्हणजे सत्यशीलापेक्षा आठ वर्षांनी मोठी. पुढे ती सात वर्षं गुरांच्या कोठ्यात धानाच्या तणसाखाली पडून राहिली. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालत. विशाखाला पहिल्यांदा दम लागला त्या उन्हाळ्यात सुनेने आणि सासऱ्याने मिळून ती बाहेर ओढली. रामाजींनी इंजिन खोललं. सत्यशीलाने पॉलिश पेपरने गंज घासून काढला, रंग दिला, सीटच्या खोळी आपल्या शिलाई मशीनवर शिवल्या. कॉलेजात बी.एस्सी. केली ती यासाठीच काय, असं शेजारच्या अंजनाबाई कुंपणावरून विचारून गेल्या. दसऱ्याला गाडी गावभर फिरली. थंडी पडली, आणि तिला हा आजार जडला. सकाळी मेलेली, अकरानंतर ठणठणीत.

आता तिच्या नवऱ्याचं, खुशालचं, पत्र आलं होतं. तो जिवतीकडच्या शाळेवर मास्तर होता, महिन्यातून एकदा घरी यायचा. रविवारी येतो, त्याने लिहिलं होतं. तोवर गाडी सकाळची चालू होत नसेल तर मेकॅनिक नूरुद्दीनभाईंना पार्टसाठी देऊन टाकू, आणि तू विशूला घेऊन हिवाळाभर चंद्रपूरला आईकडे राहा, तिथे दवाखाना दारात आहे. दवाखाना दारात होता, आणि कोळशाची खाणही. आईच्या अंगणात वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचं. दिवाळीत तिथे विशाखा सलग दहा दिवस खोकली होती.

आज गुरुवार होता.

नूरुद्दीनभाई वडशाहून बाराच्या एसटीने आले. मागच्या तिन्ही खेपांसारखेच. पिशवी खाली ठेवली, हँडलला हात लावला, आणि गाडी पहिल्याच वेढ्याला गुरगुरू लागली. अंजनाबाई कुंपणापलीकडे तोंडाला पदर लावून हसल्या.

“भाऊ, ही आमच्या वडशाच्या नाटकातली हिरोईन हाय,” नूरुद्दीनभाई म्हणाले. “रातभर नाचते, दुपारी बाराच्या आधी उठत नाई. मी काय करू?”

तरी त्यांनी सगळं पाहिलं. प्लग काढून पुसले, बॅटरी तपासली, तारा हलवून पाहिल्या. कार्बुरेटरवरची छोटी पितळी टोपी फिरवून काढली. तिच्याबरोबर एक बारीक दांडी वर आली, स्वच्छ सोनेरी तेलात भिजलेली. त्यांनी ती तशीच परत बसवली.

सत्यशीलाने विचारलं, तेल इथे कशाला. ते म्हणाले, आत एक पिस्टन वर-खाली होतो, तो हळू सरकावा म्हणून. तेल मात्र पातळ पाहिजे, शिलाई मशीनचं. जाड टाकलं तर जागीच अडकून बसेल.

“मीच टाकतो दर पंधरवड्याले,” रामाजी म्हणाले. “फडताळातल्या शिशीतून. डॉक्टरसायेब होते तवापासून माझ्याशिवाय कोनी हात नाई लावला.”

नूरुद्दीनभाईंनी मान डोलावली. जाताना हलक्या आवाजात ते सत्यशीलाला म्हणाले की गाडीत त्यांना काहीच दोष सापडत नाही, आणि सापडत नाही तो दोष दुरुस्त करता येत नाही.

शुक्रवारी सकाळी रामाजी धानाच्या मळणीला गेल्यावर सत्यशीला विशाखाला मालिश करायला बसली. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल रोजच्यासारखंच शिशीत गोठलेलं. तिने शिशी चुलीच्या कडेला ठेवली आणि तूप पातळ व्हावं तसं ते पातळ होताना बघत राहिली. पांढरं होतं, मग कडेने सोनेरी झालं. स्वच्छ, सोनेरी.

तिचा हात मुलीच्या पोटावर थांबला.

ती उठून फडताळाशी गेली. तिथे दुसरी शिशी होती, शिलाई मशीनच्या तेलाची. दोन्ही खोकल्याच्या औषधाच्या, एकाच मापाच्या. एकीवर तिने कागद चिकटवून ठळक अक्षरांत लिहिलं होतं: मशीन. ती शिशी दिवाळीला आणली तशी गळ्यापर्यंत भरलेली होती. आणि मालिशचं तेल मात्र लवकर संपत होतं. मनातल्या मनात तिने त्याचा आळ अंजनाबाईंवर घेतला होता.

विशाखाला गोधडीत गुंडाळून तिने ओसरीवर बसवलं आणि बोनेट उघडलं. पितळी टोपी घट्ट होती, फडक्याने धरून फिरवावी लागली. दांडी वर आली ती पांढरा गोळा घेऊन, गोठलेल्या तुपासारखा. मोहाचा वास ओळखायला ती नाकाजवळ नेण्याचीही गरज नव्हती. तिने जुन्या झबल्याचा तुकडा पेट्रोलमध्ये बुडवून आतली भिंत पुसली, पुन्हा पुसली, पिस्टन बोटाने उचलून सोडला. तो अलगद खाली गेला. मग मशीनचं तेल ओतलं.

तिला हसू आलं, मोठ्याने. विशाखाही उगीच हसली. बोनेट लावताना मात्र सत्यशीलाचे हात मंदावले. एवढी ठळक अक्षरं, तरी रामाजींना दिसली नव्हती. परवा खुशालचं पत्र रामाजींनी दोनदा उलटसुलट करून तिच्याच हातात दिलं होतं; तूच वाच, बाई, म्हणाले होते. आणि उद्या गाडी चालू होणार. धुक्यात, बैलगाड्यांच्या रस्त्यावर, तिची मुलगी त्या गाडीत असणार, आणि स्टिअरिंगवर हा माणूस असणार.

ती स्वतः अंगणात गाडी उन्हातून सावलीत नेत असे. तेवढंच.

संध्याकाळी तिने दोनदा बोलायला तोंड उघडलं. रामाजी गाडीच्या टपावरची धूळ झटकत होते, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत. ती भाकरी थापायला आत गेली.

शनिवारी पहाटे विशाखाची शिट्टी थोडी वाढली. साडेपाचला रामाजींनी हँडल लावलं. दुसऱ्या वेढ्याला गाडी पेटली. त्यांनी आत बसून अ‍ॅक्सिलेटर दाबला; ती खोकली नाही. आवाज चढला, उतरला, परत चढला. कोंबड्या कोठ्यातून बाहेर पळाल्या. कुंपणापलीकडे कंदील वर उचलला गेला.

“उठली काय वो भवानी?” अंजनाबाईंनी विचारलं.

रामाजी खाली उतरले, चालत्या गाडीचं बोनेट उघडून कान देऊन उभे राहिले. मग त्यांनी पितळी टोपी काढली, दांडीवरचं तेल बोटाला लावलं, अंगठ्यावर चोळलं आणि हुंगलं. बराच वेळ हुंगलं. सत्यशीला विशाखाला छातीशी धरून उभी होती.

“हे मशीनचं हाय,” ते म्हणाले.

“हो, मामाजी.”

“आधी कोनतं होतं?”

तिने मान खाली घातली. रामाजींनी हात पुढे केला, नातीच्या मोहाचं तेल चोपडलेल्या केसांवरून फिरवला आणि तीच बोटं नाकाशी नेली. टोपी परत बसवायला त्यांना आटे सापडेनात; तीनदा फिरवावी लागली. सत्यशीला पुढे झाली नाही.

बोनेट लावून ते गाडीला वळसा घालून आले. स्टिअरिंगच्या बाजूचं दार त्यांनी उघडलं आणि तसंच उघडं ठेवून पलीकडे गेले, डावीकडच्या सीटवर बसले, आणि दोन्ही हात विशाखासाठी पुढे केले.

“मले दे तिले. क्लच हळू सोडजो.”

तिने मुलगी त्यांच्या मांडीवर दिली, शाल नीट केली, आणि स्टिअरिंगपाशी बसली. गाडी एकदा उडी मारून पुढे सरकली. कुंपण मागे गेलं. चावडी गेली. वळणावर तिने रामाजींसारखाच दोनदा हॉर्न वाजवला. पक्क्या सडकेला लागेपर्यंत उजाडू लागलं होतं, धुकं जरा वर उचललेलं होतं, आणि मांडीवरची शिट्टी इंजिनच्या आवाजातही तिला वेगळी ऐकू येत होती. वाढत नव्हती. दवाखाना सत्तावीस किलोमीटर. एसटी निघायच्या आत ते तिथे पोचणार होते.

रामाजी समोरच्या काचेत बघत होते.

“पुढे काय दिसते?” त्यांनी विचारलं.

सत्यशीलाने नीट पाहिलं. “उजव्या अंगाने एक बैलबंडी येऊन राह्यली, धानाची. लांब हाय. मंग पूल. पुलापलीकडं कोनी नाई, मामाजी. सडक मोकळी हाय.”

त्यांनी नातीच्या पाठीवर हात ठेवला आणि सीटला टेकून बसले.

“मंग तिसरा टाक,” ते म्हणाले.