बटण म्हणजे कोणतं बटण

नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. या दोघींचं इतकं पटायचं की त्यांनी मिळून धंदा काढला, वेबसाइट बनवून द्यायचा. भावजय चित्रकला शिकलेली, त्यामुळे पान कसं दिसेल ते ती बघायची. नणंद कोड लिहायची, म्हणजे ते पान चालवायची जबाबदारी तिची. हल्ली नणंदेला कोणी 'वन्सं' म्हणत नाही, पण भावजयीने लग्नानंतर एकदा चिडवायला म्हटलं आणि ते नाव तिला जे चिकटलं ते चिकटलंच. गिऱ्हाइकंही फोनवर "वन्सं आहेत का?" असंच विचारायची. आणि नणंद तिला वहिनी म्हणायची, म्हणून ती सगळ्यांचीच वहिनी झाली होती.

ऑफिस म्हणजे घराची मागची खोली. खिडकीखाली एक लांब टेबल, टेबलाच्या दोन टोकांना दोघींचे स्क्रीन. वहिनीच्या बाजूला चौकटीचे कागद, बोथट पेन्सिली, रंगांच्या पट्ट्या. समोरच्या भिंतीवर तिने काय काय चिकटवून ठेवलं होतं: औषधाच्या खोक्याचं झाकण, कापडाचा चौकटीचा तुकडा, रंग उडालेल्या दरवाजाचा फोटो. "सुचायला डोळ्यांसमोर काहीतरी लागतं," ती म्हणायची. वन्संच्या बाजूला चहाच्या कपाशिवाय काही नसायचं. तिची सगळी हत्यारं स्क्रीनच्या आत.

घरात तिसरी आई. वन्संची आई, वहिनीची सासू. मुलगा जहाजावर नोकरीला, त्यामुळे घरात बहुतेक वेळ या तिघीच. आईंनी सगळं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही बोलताना मधेच थांबून, समोरच्याला समजलं का याची वाट पाहायची सवय गेली नव्हती. अलीकडे त्यांचे डोळे अधू झाले होते. किती अधू, ते त्यांनी नीटसं कोणाला सांगितलं नव्हतं. डोळ्यांच्या दवाखान्यात एका वर्गाला जाऊन त्या बोलणारा फोन वापरायला शिकल्या होत्या. स्क्रीनवर बोट फिरवलं की खाली जे असेल ते फोन वाचून दाखवायचा.

तर त्या वर्षी त्यांच्याकडे बटणांच्या दुकानाचं काम आलं.

दुकान अरुंद आणि खोल. दोन्ही भिंतींना खालपासून छतापर्यंत लाकडी खण, आणि कुठल्या खणात काय आहे ते कळावं म्हणून प्रत्येक खणावर त्यातलं एकेक बटण बाहेरून शिवलेलं. शिंपल्याची, लाकडाची, पितळेची, काचेची. मालक म्हणजे बटणकाका. गोल, बोलके, चष्मा कायम कपाळावर. प्रत्येक बटणाची ओळख ते आपल्या मुलीचं स्थळ सांगावं तशी करून द्यायचे.

वहिनीने आधी रीतसर इतरांच्या वेबसाइट बघितल्या. दुपारभर बघितल्या. सगळ्या एकाच आईच्या पोटच्या असाव्यात तशा दिसायला लागल्या: वर मोठा फोटो, खाली तीन चौकोन, त्याखाली पुन्हा तीन चौकोन. मग तिने संगणक बंद केला आणि बटणकाकांच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसली. समोर भिंतभर खण. तिला वाटलं, आणखी काय शोधतोय आपण, इथेच तर आहे सगळं.

तिने पान बनवलं ते अगदी त्या भिंतीसारखं. लहान लहान खण, प्रत्येकावर एक बटण. बोट लावलं की खण हळूच बाहेर सरकायचा आणि आतली बटणं दिसायची. आवडलं त्याच्यावर बोट ठेवलं की ते टोपलीत जाऊन पडायचं. शब्द जवळजवळ नव्हतेच. फोटोखाली नावापुरती एक ओळ, तीही फिकट राखाडी, नजरेला खुपू नये अशी. खण सरकवायला वन्संनी चार दिवस डोकेफोड केली, पण सरकला तेव्हा दोघी खुर्चीत मागे रेलून नुसत्या बघत राहिल्या. बटणकाका तर खूशच झाले. पुढच्या सोमवारी वेबसाइट सुरू करायची असं ठरलं.

"मला कोटाचं बटण हवंय," आई जेवताना म्हणाल्या. "वरचं तुटलंय. तुमच्या त्या पानावरून मागवते."

"अगं, मी दुकानातून आणते ना," वन्सं म्हणाली.

"नको. तुमचं काम मी आजवर ऐकूनच आहे, तेही तुमच्याच तोंडून. आता जरा स्वतः बघू दे."

वन्संनी आईच्या फोनवर पान उघडून दिलं. आईंनी फोन टेबलावर ठेवला आणि बोट फिरवायला लागल्या. फोनमधली बाई स्पष्ट आवाजात म्हणाली, "चित्र." आईंनी बोट पुढे नेलं. "बटण." आणखी पुढे. "बटण. बटण. चित्र. बटण."

आईंना हसू फुटलं. "दुकान बटणांचं आहे हे समजलं. पण कोणतं बटण?"

वन्संना चूक तत्काळ कळली. स्क्रीनवर जिथे दाबता येतं त्या जागेलाही फोन 'बटण'च म्हणतो. त्या जागेला कोड लिहिणाऱ्याने नाव दिलं असेल तर आधी ते नाव वाचतो, नसेल तर नुसतंच बटण. तिने एकाही खणाला नाव दिलं नव्हतं. अशा चुका दाखवणारं साधन तिच्याकडे होतं, पण ते पानभर लाल ठिपके उमटवायचं आणि तिची तंद्री मोडायची, म्हणून तिने ते बंद करून ठेवलं होतं.

वहिनी आधी हसली. मग फोन पुन्हा म्हणाला, "बटण. बटण." आणि तिचं हसू आटलं.

"आई, हे पान बघायचं आहे," ती म्हणाली. "ऐकायचं नाहीये."

बोलून गेल्यावर तिच्याच कानाला ते कसंतरी लागलं. आई "बरं" म्हणाल्या, फोन बंद करून ठेवला आणि आपलं ताट उचलून आत गेल्या.

"हे काय बोललीस?" वन्सं हळू आवाजात म्हणाली. "राग काढायचा तर माझ्यावर काढ. नावं घालायची माझी राहिली."

"तुझी नावं राहिली, पण शब्द नकोत हे माझंच ना? मी महिनाभर या पानावर जीव टाकलाय. आणि आई कधी माझ्या कुठल्या कामाला चांगलं म्हणाल्यात? माझ्याशी बोलतानासुद्धा त्या माझ्याकडे बघत नाहीत. भिंतीकडे बघतात."

वन्संनी आपलं ताट उचललं. तीही उठली.

वहिनीने टेबल पुसलं. मग स्वयंपाकघरात गेली. आई कपडे घड्या घालत होत्या, कडा बोटांनी जुळवून.

"आई, चुकलं माझं," ती म्हणाली. "पण एक विचारू? तुम्हाला नक्की काय दिसतं?"

आईंनी हातातली उशीची खोळ खाली ठेवली. हा प्रश्न त्यांना घरात कोणी विचारला नव्हता. सगळे "डोळे कसे आहेत?" विचारायचे आणि त्या "ठीक" म्हणायच्या.

"मधोमध काही नाही," त्या म्हणाल्या. "काचेवर कोणी अंगठा घासावा तसं. कडेचं दिसतं. तुझ्याकडे सरळ पाहिलं तर तू नसतेसच. मग मी तुझ्या कानाच्या पलीकडे बघते, म्हणजे तू कडेला येतेस. जरा अस्पष्ट, पण येतेस."

वहिनी त्यांच्या शेजारी बसली. वर्षभर आई तिच्याशी बोलताना नजर बाजूला ठेवायच्या आणि वर्षभर ती त्याचा अर्थ लावत बसली होती: भाजी बिघडली असेल, उशिरा उठलेलं आवडलं नसेल.

"मला वाटायचं तुम्ही माझ्यावर नाराज आहात."

"तुझ्यावर?" आई म्हणाल्या. "वेडी की काय? तुला नीट बघता यावं म्हणूनच तर मान वाकडी करते. मान दुखते माझी."

दोघी हसल्या. हसता हसता वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. आईंना ते दिसलं नसावं, पण आवाजावरून समजलं असावं, कारण त्यांनी खोळ पुढे केली आणि म्हणाल्या, "घे, पूस. नाहीतरी तशीच पडून राहणार आहे, बटण लागत नाहीये तिचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी नणंद-भावजय बटणकाकांकडे गेल्या आणि सोमवार पुढे ढकलायला हवा म्हणाल्या. काकांचा चेहरा पडला.

"अहो, मी सगळ्यांना सांगून बसलोय. आणि माझी गिऱ्हाइकं काय आंधळी आहेत? बटण घ्यायला येणारा माणूस डोळस असतो."

वहिनीने वाद घातला नाही. तिने काकांच्याच फोनवर पान उघडलं आणि एका फोटोखालची ओळ दाखवून म्हणाली, "काका, हे तेवढं वाचून दाखवता?"

काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. फोन जवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला. मग फोन घेऊन दारापाशी उजेडात गेले.

"इतकं बारीक आणि फिकट कोणी लिहिलंय?"

"मीच," वहिनी म्हणाली.

काकांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. मग खदखदून हसले. "करा बाई, काय करायचं ते करा. सोमवार काय, दर आठवड्याला येतो."

काम वाटलं तितकं सोपं निघालं नाही. खणांना नावं देणं, अक्षरं गडद आणि मोठी करणं, पान कोणत्या भाषेत आहे हे फोनला सांगणं, ही कामं वन्संनी भराभर केली. लाल ठिपक्यांचं साधनही तिने चालू केलं, आणि एकेक ठिपका विझताना तिला घर झाडून काढल्यासारखं हलकं वाटायला लागलं. अडलं ते बटणांच्या वर्णनावर. प्रत्येक बटण शब्दांत सांगायचं तर कसं? काका म्हणाले, हे माझ्यावर सोपवा. त्यांनी मोठ्या उत्साहाने लिहून पाठवलं. आईंनी फोनवर ऐकलं.

"अप्रतिम बटण," फोन म्हणाला. "अतिशय सुंदर बटण. मन मोहून टाकणारे बटण."

"हे सगळे एकमेकांचे भाऊच दिसतात," आई म्हणाल्या. "चला, मला दुकानात न्या."

दुकानात आई स्टुलावर बसल्या, काका एकेक बटण त्यांच्या तळहातावर ठेवत गेले आणि वहिनी लिहायला बसली. काका म्हणायचे, "हे अत्यंत देखणं." आई म्हणायच्या, "देखणं तुम्हाला. हाताला कसं लागतं ते सांगा." सुरुवातीला काका गोंधळले. मग त्यांनीही डोळे मिटून बटण चिमटीत फिरवलं.

"काठ जरा उचललेला आहे," ते म्हणाले. "मधे खळगा. जुन्या ताटलीसारखा."

"हां. आता कसं बोललात," आई म्हणाल्या. "आणि रंग?"

"रंग..." काकांनी डोळे उघडले. "दुधावर साय धरते ना, तो."

वहिनीने लिहून घेतलं. लिहिताना तिच्या लक्षात आलं की या भिंतीसमोर ती इतके दिवस बसली, पण शिंपल्याचं बटण हाताला थंड लागतं आणि लाकडाचं लागत नाही, हे तिने टिपलंच नव्हतं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट नवा रंग हाती लागल्यासारखं झालं. त्या दिवशी घरी येऊन तिने पान पुन्हा मांडलं. खण तेच ठेवले, सरकणंही ठेवलं, पण प्रत्येक बटणाखाली एक ठसठशीत ओळ आली आणि त्या ओळीला जागा द्यायला फोटोंची गर्दी कमी झाली. वन्संनी मागे उभं राहून बघितलं.

"आधीपेक्षा छान दिसतंय," ती म्हणाली.

"माहितीये," वहिनी म्हणाली. "म्हणून तर जरा चिडलेय."

दुकानात काकांनी आईंना कोटाचं बटण तसंच देऊ केलं होतं, पण त्यांनी घेतलं नाही. "मी घरून मागवणार," म्हणाल्या. आणि नवं पान तयार झाल्यावर त्यांनी खरंच मागवलं. दोघी शेजारी श्वास रोखून उभ्या होत्या. आईंचं बोट खणांवरून गेलं, फोन नावं सांगत गेला. एका खणात त्या शिरल्या, दोन बटणांचं वर्णन ऐकलं, पहिल्याकडे परत गेल्या. "टोपलीत टाका, बटण," फोन म्हणाला. आईंनी टाकलं. पुढचा पत्ता वगैरे भरताना एकदा अडखळल्या, तर वन्संचा हात पुढे आला, आणि वहिनीने तो मागे ओढला. आईंचं त्यांचं त्यांनी पार पाडलं.

वेबसाइट सुरू झाली. काही आठवड्यांनी बटणकाकांनी फोन केला. एका विणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना कळवलं होतं की फोटोवरून बटण किती जाड आहे ते कधीच समजत नाही, इथे वाचून समजतं, म्हणून आता इथूनच घेणार. बाईंचे डोळे ठणठणीत होते. काका ते वाक्य दुकानात येईल त्याला ऐकवत होते आणि वर्णनं आपलीच आहेत असंही सांगत होते. वहिनी-वन्संनी त्यांना टोकलं नाही.

मागच्या खोलीत टेबलाच्या मधोमध आता एक तिसरी खुर्ची आली. कुठलंही काम गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी आईंकडून तपासून घ्यायचं असं ठरलं, आणि आई कोणाची भीडभाड ठेवत नव्हत्या. एका दातांच्या दवाखान्याचं पान त्यांनी तीनदा परत केलं. "दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला तुम्ही आधी डॉक्टरांचं मनोगत ऐकवताय," त्या म्हणाल्या, आणि दोघींना ते पटलं.

एका दुपारी वहिनी चहा घेऊन बाहेर आली तर आई व्हरांड्यात बसून मटार सोलत होत्या. शेजारी फोन बोलत होता. आई मधेच हात पुसायच्या, बोट पुढे सरकवायच्या, पुन्हा सोलायला लागायच्या.

"पितळेचं, घुमटासारखं फुगीर," फोन म्हणाला. "वर दोरखंडासारखी नक्षी, बोटाला खरखरीत."

"आई, काय घ्यायचंय?" वहिनीने विचारलं.

"काही नाही गं," आई म्हणाल्या, तिच्या कानाच्या पलीकडे बघत. "फिरतेय."

वहिनीने चहा त्यांच्या हाताशी ठेवला, खाली बसली आणि मटाराच्या ढिगातून मूठभर शेंगा आपल्याकडे ओढल्या.